शासनाने शिस्त लागते, अनुशासनाने टिकते

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी पवनार हे लहानसे गाव आहे. २५ डिसेंबर १९७५ रोजी या गावाकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले होते. वर्षभराचे मौन संपवून आचार्य विनोबा भावे त्या दिवशी बोलणार होते. देशावर आणीबाणी लादली जाऊन सहा महिने झाले होते. हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप होते आणि भिंतीभिंतींवर एकच घोषणा झळकत होती : ‘अनुशासन पर्व’. हे दोन शब्द विनोबांचे होते. मौनाच्या काळात त्यांनी ते लिहून दाखवले आणि सरकारच्या प्रचारयंत्रणेने ते तत्काळ उचलले. एका ऋषितुल्य पुरुषाने आणीबाणीला आशीर्वाद दिला, असा त्यांचा अर्थ देशभर पोहोचवण्यात आला. ज्यांच्या घरातील कर्ता पुरुष त्या वेळी कारागृहात होता, त्यांच्या मनाला हे शब्द किती झोंबले असतील, याची कल्पना आजही करता येते.

मौन सुटल्यावर विनोबांनी या शब्दाचा उलगडा केला. शासन आणि अनुशासन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन आणि आचार्यांचे असते ते अनुशासन, असा त्याचा आशय होता. पुढे जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलनही झाले. हा खुलासा आधीच व्हायला हवा होता काय, त्याने झालेली हानी भरून निघाली काय, यावर मतभेद आहेत आणि ते राहतील. परंतु त्या वादाच्या धुरळ्यात एक मौलिक विचार झाकला गेला. आपले घर, आपली गल्ली आणि आपले सार्वजनिक जीवन यांना वळण लावू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो पुन्हा उचलून पाहण्याजोगा आहे.

‘अनुशासन पर्व’ हे महाभारताच्या तेराव्या पर्वाचे नाव. त्यात उपदेश करणारे भीष्म शरपंजरी पडलेले आहेत. त्यांच्या हाती धनुष्य नाही, पाठीशी सेना नाही, कोणाला दंड करण्याचे सामर्थ्य उरलेले नाही. ऐकणारा युधिष्ठिर मात्र युद्ध जिंकलेला राजा आहे. दंडशक्ती त्याच्याकडे आहे आणि तरीही तो नम्रपणे ऐकतो आहे. अनुशासन म्हणजे काय, हे सांगायला याहून बोलके चित्र कोणते? सांगणाऱ्याच्या हाती शस्त्र नसावे आणि ऐकणाऱ्याच्या मनात भय नसावे, तरीही सांगितलेले आचरणात यावे, याचे नाव अनुशासन.

धाक संपला, शिस्त संपली

आणीबाणीचे समर्थन करणारे एक वाक्य आजही अधूनमधून कानी पडते : ‘त्या काळात गाड्या वेळेवर धावत, कर्मचारी वेळेवर कार्यालयात येत.’ क्षणभर हे मान्य केले तरी प्रश्न उरतो की, मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठल्यावर त्या वक्तशीरपणाचे काय झाले? तो अंगवळणी पडला असता, तर टिकला असता. तो टिकला नाही, कारण तो वक्तशीरपणा नव्हताच. ते भय होते. भयाने माणसाचे पाय वेळेवर कार्यालयात पोहोचतात, मन पोहोचत नाही. त्याच भयाच्या बळावर सक्तीच्या नसबंदीसारखे अत्याचार झाले आणि ‘अनुशासन’ हा सुंदर शब्द बदनाम झाला.

कायदा नको, असा याचा अर्थ नव्हे. कायदा हवाच, पण तो कुंपणासारखा आहे. कुंपण पिकाचे रक्षण करते, पीक उगवत नाही. वर्धा जिल्ह्यालाच याचा अनुभव आहे. गांधीजींच्या कर्मभूमीचा मान म्हणून या जिल्ह्यात दारूबंदी आहे. हेतू पवित्र आहे आणि कित्येक आयाबहिणींना या कायद्याचा आधार वाटत आला आहे. तरीही अवैध दारू पकडल्याच्या बातम्या जिल्ह्यात थांबलेल्या नाहीत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी लागू झाली आणि २०२१ साली उठवण्यात आली. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर आणि २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. परंतु विदर्भातील कोणत्याही बसस्थानकाच्या कोपऱ्यात खर्ऱ्याच्या पन्न्या आणि भिंतीवरील लाल पिचकाऱ्या दिसल्या नाहीत, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय? कायदा दाराशी येऊन थांबतो. दाराच्या आत जे घडायचे, ते घरच्या माणसांनाच घडवावे लागते.

सुरगावचा नेम

ते कसे घडवावे, याचा वस्तुपाठही याच जिल्ह्यात आहे. पवनारपासून सुमारे तीन मैलांवर सुरगाव नावाचे खेडे आहे. १९४६ ते १९४८ या काळात विनोबा तेथे रोज सकाळी खांद्यावर फावडे टाकून पायी जात आणि गावाच्या वाटांवरील मैला साफ करीत. वेद-उपनिषदांचा हा व्यासंगी, ज्याच्या गीतेवरील प्रवचनांची पारायणे महाराष्ट्रात होत होती, तो एका खेड्याचा भंगी झाला होता. ऊन असो, थंडी असो, पाऊस असो, खंड नाही. गावाने अनुकरण केले नाही म्हणून राग नाही, केले म्हणून गाजावाजा नाही.

एका पावसाळ्याची आठवण त्यांनी सांगितली आहे. वाटेतील पाण्याला पूर आला होता. पलीकडे जाणे शक्य नव्हते. तरीही ते काठापर्यंत गेले आणि पलीकडच्या माणसाला त्यांनी मोठ्याने हाक मारून निरोप दिला की, गावाचा भंगी आला होता, पण पुरामुळे येऊ शकला नाही, असे सांगा. मग ते परत फिरले. पूर आहे हे घरूनच ठाऊक असताना काठापर्यंत जाण्याचे प्रयोजन काय, असे व्यवहारी मनाला वाटेल. परंतु सारे मर्म त्या काठापर्यंत जाण्यातच आहे. काम होणे न होणे परिस्थितीच्या हाती असते. काठापर्यंत जाणे आपल्या हाती असते. ‘आज पाऊस आहे, आज पाहुणे आहेत, आज अंग मोडून आले आहे’ अशी एक सवलत मनाला दिली की मन दुसऱ्या दिवशी दुसरी मागते आणि तिसऱ्या दिवशी न मागताच घेते.

मराठीत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रोज न चुकता करावयाचा नियम तो नेम आणि लक्ष्यावर रोखलेली दृष्टी तीही नेमच. भाषेने या दोन गोष्टी एका शब्दात उगीच बांधलेल्या नाहीत. ज्याचा रोजचा नेम सुटतो, त्याचा लक्ष्यावरचा नेमही सुटतो. गांधीजींच्या निधनानंतर देशापुढील मोठ्या कामांसाठी विनोबांना सुरगाव सोडावे लागले. पुढे १९५१ साली भूदानाचा आरंभ झाला आणि तेरा वर्षे त्यांनी पायी देश पालथा घातला. त्या प्रचंड पदयात्रेची पूर्वतयारी म्हणून पाहायचे, तर सुरगावची ही रोजची वाट पाहावी. रोजची वाट ज्याला चालता आली, त्यालाच देश चालता आला.

उतारवयात पवनारच्या आश्रमात परतल्यावरही त्यांच्या हातचे झाडणे सुटले नाही. अंगणातील काडी-कचरा ते एकेक करून वेचत. पाहणाऱ्याला वाटावे, एवढ्या मोठ्या माणसाने वेळ असा का घालवावा? त्यांच्या लेखी मात्र वेचलेली प्रत्येक काडी जपमाळेतील एकेका मण्यासारखी होती आणि ते काम ध्यानाहून वेगळे नव्हते. बाहेरचे अंगण झाडता झाडता आतले अंगण झाडले जाते, हा त्याचा अर्थ.

वस्तूंचा पसारा, मनाचा पसारा

पवनारहून सेवाग्राम काही फार दूर नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तेव्हाच्या सेगावात राहायला आले. आपल्यासाठी बांधावयाच्या झोपडीचा खर्च शंभर रुपयांहून अधिक नसावा आणि साहित्य परिसरातलेच असावे, अशी त्यांची अट होती. आज ‘बापू कुटी’ म्हणून ओळखली जाणारी मातीची वास्तू पाहणाऱ्याच्या मनात भरते ती तिच्यातील नेटकेपणामुळे. बसायची जागा, पाहुण्याची जागा, आजाऱ्याची जागा, स्नानाची जागा. सारे थोडे, पण प्रत्येकाला आपापले स्थान.

जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हे पाश्चात्त्य विचारवंत सेवाग्रामला आले होते. आधुनिक शिक्षणपद्धती आणि वैद्यकव्यवस्था यांच्यावरील परखड टीकेसाठी त्यांचे नाव जगभर गाजत होते. या कुटीत बसून त्यांना जे सुचले, त्यावर त्यांनी तेथेच भाषण केले. आजची घरे माणसांपेक्षा सामानाच्या सोयीसाठी आणि सुरक्षेसाठी बांधली जातात आणि वस्तूंचा भार जसजसा वाढतो, तसतसा माणूस त्यांच्यावर विसंबून दुबळा होत जातो, असा त्या भाषणाचा आशय होता. संपन्नतेच्या शिखरावरील जगातून आलेल्या माणसाला वर्ध्याच्या मातीच्या भिंतींनी हे शिकवले. आपण त्या भिंतींच्या शेजारी राहून काय शिकलो?

येरवड्याच्या कारागृहातून १९३० साली आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी व्रतांचे विवेचन केले. त्यात अस्तेयाचा, म्हणजे चोरी न करण्याचा, त्यांनी लावलेला अर्थ सूक्ष्म आहे. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणे ही चोरी आहेच. पण आपल्याला ज्या वस्तूची गरज नाही ती जवळ बाळगणे हीही एक प्रकारची चोरीच, असे ते मानत. या कसोटीवर आजच्या मध्यमवर्गीय घरातील माळा आणि कपाटे तपासली तर काय निघेल? दोन पिढ्यांपूर्वीच्या घरात एक फडताळ, एक ट्रंक आणि भिंतीतल्या खुंट्या पुरत होत्या. आज घर मोठे झाले आणि जागा मात्र पुरेनाशी झाली. लागणारी वस्तू वेळेवर सापडत नाही, कारण न लागणाऱ्या वस्तूंनी तिची जागा बळकावली आहे. सकाळी दहा मिनिटे किल्ली शोधण्यात जातात, त्यातून चिडचिड, चिडचिडीतून मुलांवर आवाज आणि मग दिवसभर मन विस्कटलेले. घरातील पसारा आणि मनातील पसारा ही एकाच नदीची दोन पात्रे आहेत.

व्यवस्थेला कोणी श्रीमंतांचा शौक समजू नये. वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले. समाजाने ज्यांना गावाबाहेर टाकले होते, अशा रुग्णांना औषधाबरोबर शेतीचे आणि विणकामाचे काम तेथे मिळाले. ठरलेल्या वेळचे ठरलेले काम ही केवळ सोय नसते. खचलेल्या माणसाला ती उभे राहण्याचा आधार देते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याकडेही दिवसाची नीट घडी असू शकते आणि त्या घडीतून प्रतिष्ठा परत येते.

संघटनेची शिस्त आणि तिची कसोटी

शिस्तीचा विषय निघाला की संघटनेच्या कार्यकर्त्यांना वर्ध्याचे डिसेंबर १९३४ मधील शिबिर आठवते. जमनालाल बजाज यांच्याकडे मुक्कामाला असलेल्या गांधीजींनी शेजारीच भरलेल्या त्या शिबिराला भेट दिली होती. जिल्हा संघचालक आप्पाजी जोशी यांनी त्यांचे स्वागत केले. तेथील शिस्त, साधेपणा आणि अस्पृश्यतेचा संपूर्ण अभाव यांचा आपल्या मनावर ठसा उमटला, असे गांधीजींनी पुढे १६ सप्टेंबर १९४७ रोजी दिल्लीत स्वयंसेवकांसमोर बोलताना सांगितले. ही आठवण अभिमानाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच भाषणाचा पुढचा भागही तितक्याच आवर्जून सांगितला पाहिजे. त्यागाला शुद्ध हेतूची आणि खऱ्या ज्ञानाची जोड नसेल, तर तो त्याग समाजाला घातक ठरतो, असे त्यांनी बजावले होते.

ही केवळ स्तुतीनंतरची सूचना नव्हे. ही शिस्तीचीच व्याख्या आहे. रांग सरळ आली, पावले जुळली, वेळ पाळली गेली, एवढ्याने शिस्त पुरी होत नाही. ती कशासाठी आहे, तिने माणसे जोडली जातात की दुरावतात, हे पाहावे लागते. मैदानावर एक मिनिट उशीर सहन न करणारा कार्यकर्ता घरी पत्नीला तासभर ताटकळत ठेवत असेल, तर ती शिस्त गणवेशाबरोबर खुंटीला टांगली गेली, असेच म्हणावे लागेल. शाखेत, कार्यालयात, मंदिरात आणि स्वयंपाकघरात जी सारखीच असते, ती शिस्त.

घर ही पहिली पाठशाळा

घर म्हटले की मुलांचा विषय येतोच. ‘आजच्या पिढीला शिस्त नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पण मुले कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त शिकतात. जेवताना मोबाइल पाहू नकोस, असे सांगणाऱ्या वडिलांचा मोबाइल ताटाशेजारीच असतो. खोली आवर, असे सांगणाऱ्या आईचे दिवाणखान्यातील टेबल ओसंडून वाहत असते. यालाच शासन म्हणतात : स्वतः न पाळता इतरांकडून पाळून घेणे. अनुशासनात सांगण्याआधी करणे येते.

समर्थ रामदासांसारख्या राष्ट्रपुरुषाने दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला. अक्षर कसे असावे, ओळी कशा सारख्या याव्यात, कागद आणि शाई कशी राखावी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण कसे एक राहावे, हे त्यांनी बारकाईने सांगितले. अध्यात्म आणि राजकारण सांगणाऱ्या ग्रंथात शाई-कागदाला जागा कशी मिळाली? ज्याचे अक्षर शेवटपर्यंत वळण सोडत नाही, त्याचे आचरणही वळण सोडणार नाही, हे समर्थ जाणून होते. मोठ्या गोष्टींची शिस्त लहान गोष्टींतच रुजते.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने हेच सूत्र आधुनिक शिक्षणात आणले. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दी वर्षात, हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे पहिले दिवस प्रयोगशाळेत नव्हे, तर गांधीजींच्या आश्रमातील शिबिरात जातात. प्रार्थना, श्रमदान, सूतकताई आणि मग शरीरशास्त्र, असा तो क्रम. ज्याला स्वतःची जागा झाडता येत नाही, त्याने रोग्याच्या शरीराला हात लावू नये, असाच जणू त्यातून संदेश मिळतो.

मग आरंभ कोठून करावा? आरंभासाठी मोठा संकल्प नको. मोठे संकल्प आठवड्यात मोडतात. एक लहान नेम पुरे. चपला रोज एकाच जागी सोडाव्यात. जेवलेले ताट ज्याचे त्याने उचलावे, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नसावा. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करावा. घंटागाडीवरील कामगार हाही कोणाचा तरी बाप किंवा भाऊ आहे, आपण एकत्र केलेली घाण त्याला हातांनी निवडावी लागते, हे मुलांना समजावून सांगावे. महिन्यातून एकदा कपाट उघडून वर्षभर न वापरलेली वस्तू ज्याला तिची गरज आहे, त्याच्या घरी पोहोचवावी. रात्री ठरलेल्या वेळी मोबाइल सर्वांनी एका जागी ठेवावेत, आधी वडीलधाऱ्यांनी. दिलेली वेळ पाळावी, कारण दुसऱ्याला ताटकळत ठेवणे म्हणजे त्याच्या आयुष्यातील तेवढा भाग न विचारता घेणे आहे. अस्तेयाचा अर्थ येथवर येऊन पोहोचतो.

घर सावरले की दाराबाहेर पाऊल टाकावे. संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला तेव्हा कोणत्याही ग्रामपंचायतीच्या ठरावाची वाट पाहिली नाही. राज्यशासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान आखले ते पुढे २००० साली आणि २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. शौचालये बांधली गेली, गाड्या आल्या, बक्षिसे मिळाली. शासनाने करावयाचे ते पुष्कळ झाले. उरले आहे ते अनुशासनाचे काम, आणि ते कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही. आपल्या दारापुढील दहा पावलांची जागा आपली मानणारी दहा घरे एका गल्लीत निघाली, तर त्या गल्लीला निरीक्षकाची गरज उरणार नाही.

राष्ट्र घडवण्याच्या गोष्टी व्यासपीठावरून सोप्या वाटतात, कारण तेथे राष्ट्र म्हणजे नकाशा असतो. प्रत्यक्षात राष्ट्र म्हणजे कोट्यवधी उंबरठे. प्रत्येक उंबरठ्याच्या आत सकाळी कोणी तरी अंथरूण नीट घडी करून ठेवते किंवा तसेच टाकून जाते आणि दोन्ही वेळा पाहायला कोणी नसते. शासनाची नजर तेथे पोहोचत नाही, पोहोचूही नये. तेथे माणूस एकटाच असतो आणि त्याचे अनुशासन त्या एकांतातच घडते.